भित्रें मूल आणि नवें पिल्लूं

'भित्यापाठीं ब्रह्मराक्षस' ही म्हण मराठी घरांत बहुधा मुलाला हसण्यासाठींच वापरली जाते. अंधाऱ्या खोलींत जाण्यास कचरणाऱ्या, ढगांचा गडगडाट होतांच आईच्या पदरांत शिरणाऱ्या किंवा जिन्यांत कुत्रें दिसतांच किंचाळणाऱ्या मुलाला वडील माणसें ती ऐकवितात आणि आपलें कर्तव्य संपलें असें मानतात. परंतु म्हणीचा अर्थ नीट पाहिला तर तींत भित्र्याच्या स्थितीचें अचूक वर्णन आहे. जो भितो त्याच्या पाठीस ब्रह्मराक्षस लागलेलाच असतो. इतरांना तो दिसत नाहीं, एवढेंच. मूल भितें तें खोटें भीत नाहीं. ही एक गोष्ट मान्य केली म्हणजे घरांत कुत्र्याचें पिल्लूं आणूं पाहणाऱ्या आईबापांचें अर्धें काम झालें असें म्हणावयास हरकत नाहीं.

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली ह्या गांवांत एकेकाळीं अंगणाचीं घरें पुष्कळ होतीं. कुत्रें अंगणांत आणि माणसें ओसरीवर, असा दोघांचा सोयीचा शेजार असे. ज्या मुलाला कुत्र्याजवळ जावयाचें नसे तें ओसरीवरूनच त्याच्याकडे पाही आणि मनाची तयारी झाली म्हणजे एकेक पायरी खालीं उतरे. आतां तीं अंगणें बहुतेक गेलीं. ठाण्याच्या नौपाड्यांत काय किंवा डोंबिवलीच्या टिळकनगरांत काय, दोन-तीन खोल्यांच्या घरांत आणलेलें पिल्लूं थेट माणसांच्या पायांत वावरतें. भित्र्या मुलाला मागें सरकावयास जागाच उरत नाहीं. पुढें सांगितलेल्या अडचणींचें मूळ पुष्कळसें ह्या हरवलेल्या ओसरींत आहे.

अशा एखाद्या घराची कल्पना करावी. थोरला मुलगा दहा वर्षांचा. त्यानें पिल्लासाठीं कित्येक दिवस हट्ट धरलेला. धाकटी बहीण चार वर्षांची. लिफ्टमध्यें शेजाऱ्यांचें कुत्रें असलें तर ती चार मजले चढून जाईल, पण आंत पाऊल टाकणार नाहीं. 'पिल्लूं एवढेंसें तर असतें. चार दिवसांत सवय होईल', असें म्हणून वडील एका रविवारीं पिल्लूं घेऊन येतात. मुलगी पलंगावर चढून बसते ती जेवावयासही खालीं उतरत नाहीं. मग उपायांस आरंभ होतो. काका तिचा हात धरून पिल्लाच्या पाठीवर टेकवितात. भाऊ पिल्लूं उचलून तिच्या मांडीवर ठेवतो. 'एवढी मोठी झालीस आणि ह्याला भितेस?' असें आजी विचारते. मुलगी किंचाळते. त्या किंकाळीनें पिल्लूं बिचकतें आणि धडपडतांना त्याचीं नखें तिच्या हातावर उमटतात. महिनाभरांत घरांत दोन पक्ष पडतात आणि अखेर पिल्लूं कोणाच्या तरी गळ्यांत बांधण्यांत येतें, अथवा गुपचूप रस्त्यावर सोडलें जातें. पाळलेलें जनावर असें वाऱ्यावर सोडणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे, हें अनेकांच्या गांवींही नसतें. मुलगी पूर्वीपेक्षां अधिक भित्री होते, भाऊ तिच्यावर रुसतो आणि पिल्लाची तर दैनाच उडते. ह्यांत कोणाचाही हेतु वाईट नव्हता. चुकली ती रीति.

ही भीति येते कोठून? दोन ते पांच वर्षांच्या वयांत प्राण्यांची भीति वाटणें ही अगदीं सामान्य गोष्ट आहे. मोठ्या माणसाच्या गुडघ्याशीं येणारें कुत्रें ह्या वयाच्या मुलाच्या तोंडाशीं तोंड आणून उभें राहतें. तें केव्हां उडी मारील, केव्हां भुंकेल, ह्याचा अंदाज मुलाला बांधतां येत नाहीं. एकदां अशी दचक बसली कीं तिचा विस्तार कसा होतो, हें अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर ह्यांनीं केलेल्या व १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. अकरा महिन्यांच्या एका बालकानें पांढऱ्या उंदराला हात लावतांच त्याच्या पाठीमागें पोलादी कांबीवर हातोडा आपटण्यांत येई. कांहीं वेळां असें घडल्यावर तें बालक नुसत्या उंदराला पाहून रडूं लागलें. इतकेंच नव्हे, तर ससा व कुत्रा ह्यांनाही भिऊं लागलें. असा प्रयोग आज कोणी करूं धजणार नाहीं, व करूंही नये. परंतु तसलाच प्रकार घरोघर नकळत चालू असतो. 'जेव, नाहींतर भूभू येईल', हें एक वाक्य कुत्र्याला बागुलबोवाच्या पंक्तीस नेऊन बसवितें. रस्त्यांत कुत्रें दिसतांच आईनें मुलाचा हात गच्च आवळला, तर शब्दांवांचूनच तोच धडा मिळतो.

मुलाला भय दाखवून वळण लावूं नये, हा विचार ह्या भागाला नवा नाहीं. गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर ताराबाई मोडक ह्यांनीं बालशिक्षणाचें जें कार्य आरंभिलें, तें ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांपर्यंत नेलें. बोर्डी तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें. २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत आहे. मार आणि धाक ह्यांवांचून मूल शिकतें, हा त्या कार्याचा पाया होता. धाकानें जसें शिक्षण होत नाहीं, तशीच धाकानें किंवा लाजवून भीतिही जात नाहीं. फार तर ती आंत दडते.

मग ती जाते कशी? ह्याचें उत्तर मेरी कव्हर जोन्स ह्या विदुषींनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका मुलाच्या हकीगतींत मिळतें. न्यूयॉर्क येथील पीटर नांवाचा हा मुलगा आरंभीं दोन वर्षें दहा महिन्यांचा होता आणि सशाला अतिशय भीत असे. सशाला न भिणाऱ्या मुलांबरोबर त्याला रोज खेळावयास आणूं लागले, तेव्हां त्याची भीति हळूहळू कमी झाली. इतक्यांत तो आजारी पडला, आणि रुग्णालयांतून निघतांना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर धावून आला. बरोबरची परिचारिकाही फार घाबरली. तेवढ्या एका प्रसंगानें साधलेलें सारें पुसलें गेलें. मग जोन्सबाईंनीं निराळी वाट धरली. पीटर आवडीचा खाऊ खात असतां पिंजऱ्यांतला ससा, त्याचें खाणें बिघडणार नाहीं इतक्या अंतरावर, ठेवण्यांत येऊं लागला. दिवसेंदिवस तें अंतर थोडें थोडें कमी केलें. अखेर पीटर सशाला कुरवाळूं लागला आणि आपलीं बोटें त्याला हलकेच कुरतडूं देऊं लागला.

ह्यापुढें १९६७ सालीं आल्बर्ट बांडुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कुत्र्याला भिणाऱ्या तीन ते पांच वर्षांच्या ४८ मुलांची परीक्षा केली. त्यांतील कांहींना एक निर्भय मूल कुत्र्याबरोबर खेळतांना आठ वेळां थोडा थोडा वेळ दाखविलें. प्रत्येक वेळीं तें मूल कुत्र्याच्या अधिक जवळ जाई. पाहणाऱ्या मुलांवर कसलीही सक्ति नव्हती. तरीही, ज्यांनीं नुसतें कुत्रेंच पाहिलें किंवा कांहींच पाहिलें नाहीं त्यांच्यापेक्षां हीं मुलें पुष्कळ धीट झालीं, आणि महिन्यानंतरही तो धीर टिकून होता.

ह्या दोन्ही हकीगतींचा अर्थ एकच. भीति बोधानें जात नाहीं. ती अंतरानें, आनंदानें आणि सोबतीनें जाते. ह्यांतील अंतर सर्वांत महत्त्वाचें. तें किती असावें, हें आईबापांनीं नव्हे, मुलानें ठरवावयाचें असतें. मागें जाण्याची वाट मोकळी आहे अशी खात्री असेल तरच मूल पुढें पाऊल टाकतें. म्हणून लहानशा घरांत हरवलेली ओसरी पुन्हां उभी करणें, हेंच खरें काम होय.

ह्या कामाला पिल्लूं घरीं येण्यापूर्वींच आरंभ करावा. दत्ताच्या तसबिरींत पायांशीं चार कुत्रीं असतात. ती तसबीर देवघरांत असल्यास मुलीला त्यांचीं तोंडें, कान, शेपट्या मोजावयास सांगावें. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट सांगावी. मग एखाद्या सकाळीं मासुंदा तलावावर किंवा उपवनच्या कांठीं, पट्ट्याला बांधलेलीं कुत्रीं फिरावयास येतात त्या वेळीं, लांबच्या बांकावर बसून शेंगदाणे खात तीं नुसतीं पाहावीं. तिनें 'चला' म्हटलें कीं लगेच उठावें. पिल्लाचें नांव तिला ठेवूं द्यावें. ज्याचें नांव आपण ठेवलें त्याला ब्रह्मराक्षस मानणें मुलाला थोडें जड जातें.

पिल्लाच्या बाजूचाही विचार केला पाहिजे. अमेरिकेंतील स्कॉट व फुलर ह्या संशोधकांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें, कीं तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास कुत्र्याचें पिल्लूं जगाची ओळख करून घेतें. ह्या काळांत ज्यांचा सहवास त्याला सुखाचा होतो ते पुढें त्याला आपले वाटतात. तथापि आईपासून फार लवकर तोडलेलें पिल्लूं बिचकें होण्याचा संभव असतो. आठ आठवड्यांपेक्षां लहान पिल्लूं विकूं नये, असें भारतांतील २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीच्या नियमांत म्हटलें आहे, तें योग्यच होय. घरीं आणण्याचा दिवसही विचार करून निवडावा. दिवाळीच्या पहांटे फडके रोडवर डोंबिवलीची तरुणाई लोटते तेव्हां, किंवा पाडव्याच्या शोभायात्रेच्या ढोलताशांत, नवें पिल्लूं घरीं आणलें तर तें पहिले कित्येक दिवस पलंगाखालींच काढील. तेंही भ्यालेलें बाळच असतें. आईला सोडून परक्या घरीं आलेलें असतें. हें मुलीला सांगावें. आपल्याप्रमाणेंच कोणी भितें, ही गोष्ट भित्र्याला मोठा धीर देते.

पिल्लूं घरीं आलें म्हणजे एका खोलीच्या दारांत पिल्लाला ओलांडतां येणार नाहीं एवढ्या उंचीची फळी आडवी लावावी. पिल्लूं फळीच्या एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला. हीच तिची ओसरी. ही फळी काढण्याचा अधिकार तिच्याशिवाय कोणालाही नसावा, आणि हा नियम पाहुण्यांनाही लागू करावा. पहिले कांहीं दिवस तिनें आपलें चित्र काढावें, खेळावें, खाऊ खावा. पिल्लानें पलीकडे आपलें करावें. पिल्लूं दिवसाचा बराच भाग झोपूनच काढतें, हें पाहूनही पुष्कळ भीति ओसरते. भावाला मात्र पिल्लाशीं शांतपणें खेळूं द्यावें. बहिणीला हिणविण्यापेक्षां तिला दिसेल असें खेळणें, हें त्याचें खरें साहाय्य.

पुढची पायरी दानाची. मुलीनें फळीवरून पोळीचा लहानसा तुकडा पिल्लाच्या पलीकडे, दूर टाकावा, म्हणजे पिल्लूं तिच्याकडे धावत येण्याऐवजीं तिच्यापासून दूर जाईल. ही बाब क्षुल्लक दिसते, पण तिच्यांत सारें मर्म आहे: कुत्र्याला दूर पाठविण्याची शक्ति आपल्या हातांत आहे, असें मुलीला प्रथमच कळतें. मग वडिलांनीं पिल्लाला 'बस' ह्या शब्दासरशीं बसावयास शिकवावें आणि तो शब्द तिला उच्चारूं द्यावा. चार वर्षांच्या मुलीच्या शब्दाला मान देऊन कोणीतरी बसतें, हा अनुभव तिला घरांत क्वचितच येत असेल. मात्र प्रसादांतील बेदाणे, द्राक्षें, कांदा आणि चॉकोलेट हे पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत. खाऊचा डबा मोठ्यांच्याच हातीं असावा.

स्पर्शाची वेळ मुलगी स्वतः सांगेल. तिनें सांगितल्यावर आईनें पिल्लाला मांडीवर घ्यावें व त्याचें तोंड दुसरीकडे असावें; मुलीनें एका बोटानें पाठीला स्पर्श करावा आणि वाटल्यास पळून जावें. डोक्यावरून हात नेऊं नये. वरून येणारा हात पिल्लाला भिववितो. मिठी मारूं नये. झोपलेल्या किंवा खात असलेल्या पिल्लाजवळ जाऊं नये. पिल्लालाही 'नको' म्हणण्याचा अधिकार आहे, हें घरांतील सर्वांनीं ध्यानांत ठेवावें. जांभया देणें, ओठ चाटणें, कान मागें पाडणें, तोंड फिरविणें, एकाएकीं ताठ उभें राहणें, ह्या साऱ्या त्याच्या भाषेंत 'मला दूर जाऊं द्या' अशा विनवण्या असतात. शेपटी हालली म्हणजे तें आनंदांतच असतें असें नव्हे. तें गुरगुरलें तर त्याला मारूं नये. गुरगुरणें ही सूचना आहे, आणि मार खाऊन सूचना देणें विसरलेलें कुत्रें पुढें सूचनेशिवाय चावतें.

दांतांचाही प्रश्न येतो. पिल्लाला २८ दुधाचे दांत असतात. ते सुईसारखे तीक्ष्ण असून चार ते सहा महिन्यांच्या सुमारास पडून नवे येतात. तोंवर पिल्लूं जें दिसेल तें चावून पाहतें आणि धावत्या मुलीचा परकर तर त्याला खेळच वाटतो. मूल पळालें, ओरडलें, कीं पिल्लूं अधिकच मागें लागतें. म्हणून मुलीला 'झाड' होण्यास शिकवावें: उभें राहावयाचें, हात दुमडून छातीशीं, डोळे आपल्या पायांकडे, आवाज नाहीं. झाडाशीं खेळण्यांत मौज नाहीं हें पिल्लाला लवकरच कळतें. पिल्लूं घरीं येण्यापूर्वीं भावाबरोबर हा खेळ दहा-वीस वेळां खेळून घ्यावा.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मुलीची सारीच भीति घालवावयाची नाहीं. घरांतलें पिल्लूं आणि रेल्वे स्थानकाबाहेरचें अनोळखी कुत्रें ह्यांतील भेद तिनें शिकलाच पाहिजे. धन्याला विचारल्यावांचून परक्या कुत्र्याला हात लावावयाचा नाहीं आणि रस्त्यावरील कुत्र्याच्या वाटेस जावयाचें नाहीं. लहान मुलांना होणारे चावे पुष्कळदां ओळखीच्या कुत्र्यांचेच असतात. म्हणून मूल व कुत्रें ह्यांना मोठ्या माणसाच्या नजरेवेगळें एकत्र सोडूं नये. पिल्लाला पशुवैद्याकडून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून पहिल्या लसी, जंतांचें औषध आणि तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस द्यावी. पुढेंही पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें ती द्यावी, व महानगरपालिकेकडे त्याची रीतसर नोंद करावी. दांत किंवा नख लागून रक्त आलें, किंवा नुसता ओरखडा उठला, तरी ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावी. हळद किंवा चुना लावून बसूं नये. रेबीजचीं लक्षणें दिसूं लागल्यावर त्यावर खात्रीचा इलाज नाहीं. वेळीं घेतलेली लस हाच इलाज.

ह्या साऱ्याला किती दिवस लागतील? एखाद्या मुलाला दोन आठवडे, एखाद्याला सहा महिने. मध्येंच पीटरप्रमाणें एखादा प्रसंग घडून सारें मागें जाईल. तेव्हां निराश न होतां दोन पायऱ्या खालीं येऊन पुन्हां चढावें. परंतु मुलीची झोप उडाली, ती जेवेनाशी झाली, शाळेच्या वाटेवर कुत्रें असेल म्हणून घराबाहेर पडेनाशी झाली, आणि हें कित्येक आठवडे टिकलें, तर घरगुती उपाय थांबवून बालमानसतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. ह्यासाठीं मुंबई गांठावयास नको. डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनीं १९९० सालीं ठाण्यांत स्थापन केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ह्या संस्थेनें मानसिक आरोग्याचा प्रश्न ह्या भागांतील घराघरांपर्यंत नेला आहे, आणि असा सल्ला घेण्यांत आतां कोणी कमीपणा मानूं नये. कांहीं घरांचा निर्णय 'अजून वर्षभर पिल्लूं नको' असाही होईल. तोही पराभव नव्हे. आणून सोडून देण्यापेक्षां न आणणें हीच पिल्लावर दया आहे.

आरंभीं कल्पिलेल्या घरांतही हें सारें घडूं शकलें असतें. तेथें उणीव प्रेमाची नव्हती. एका फळीची आणि थोड्या धीराची होती. ज्या घरांत ती फळी लावली जाते तेथें पहिले कांहीं आठवडे फारसें कांहीं घडत नाहीं. मुलगी अलीकडे बसून बाहुलीला जेवू घालते. पिल्लूं पलीकडे फळीला नाक लावून झोपतें. मग ती आपली चटई जरा पुढें ओढते. मग एखाद्या दुपारीं बाहुलीऐवजीं पिल्लालाच गोष्ट सांगूं लागते. आणि एका सकाळीं घरांतलीं माणसें उठून पाहतात तों फळी बाजूला सरकविलेली असते. ती कोणीं सरकविली, हें विचारण्याचें कारण नसतें.